घरपोच किराणा : पिशवीचा प्रवास आणि आपला माल

उमरखेड तालुक्यात पैनगंगेच्या काठी व कालव्याच्या पाण्यावर हळदीचे पीक घेणारे शेतकरी पुष्कळ आहेत. जानेवारी ते मार्च ह्या काळात कंद निघतात, कुकरमध्ये शिजविले जातात, खळ्यावर वाळतात, ढोलात फिरवून त्यांना चकाकी आणली जाते आणि कट्ट्यांत भरून ते वसमत, हिंगोली, नांदेड ह्या बाजारपेठांकडे रवाना होतात. तेथे हर्रास होतो, शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते आणि मालाशी असलेला त्याचा संबंध तेथेच संपतो. पुढे काही महिन्यांनी हळद शंभर किंवा दोनशे ग्रॅमच्या छापील पुड्यातून पुण्या-मुंबईच्या एखाद्या घरी पोहोचते. त्या घरातील कोणी दुकानात गेलेले नसते. मोबाईलवर यादी केली जाते आणि ठरल्या वेळी एक तरुण पिशवी दारात ठेवून निघून जातो.

शेतकऱ्याचे खळे आणि शहरातील दार ह्या दोन टोकांच्या मध्ये काय काय घडते, कोण कोणते काम करतो आणि त्याचे मोल कोणाला मिळते, हे समजून घेणे आज शेतकऱ्याच्या हिताचे झाले आहे. ग्राहक जो पैसा देतो त्यात कच्च्या मालाच्या किमतीबरोबर निवडणे, दळणे, मोजणे, बांधणे, साठविणे व पोहोचविणे ह्या कामांचाही मोबदला असतो. ही कामे ज्याच्या हाती, त्याच्याकडे तो मोबदला जातो. ह्यांपैकी कोणती कामे आपल्या गटाला पेलतील आणि कोणती पेलणार नाहीत, याचा निर्णय पूर्ण माहिती घेऊनच करावयास हवा.

रीत जुनी, मांडणी नवी

माल घरपोच देणे ही काही आजची कल्पना नव्हे. महिन्याची यादी वाण्याकडे टाकावयाची आणि दुकानातील पोऱ्याने सायंकाळपर्यंत सामान घरी आणून द्यावयाचे, ही रीत आपल्या तालुक्याच्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परदेशांतही प्रथम असेच होते. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात ‘पिग्ली विग्ली’ नावाचे दुकान निघाले आणि ग्राहकाने स्वतः फडताळावरून वस्तू उचलून घेण्याची पद्धत सुरू झाली. दुकानदाराचे नोकर कमी झाले, माल स्वस्त झाला. पण वस्तू शोधण्याचे व वाहून नेण्याचे काम ग्राहकाच्या अंगावर आले. सुपरमार्केट ह्याच पद्धतीतून वाढले.

महाराष्ट्रात ह्या प्रकारच्या दुकानांना सहकाराची मोठी परंपरा आहे. मुंबईच्या कामगार वस्तीत १९४८ साली सुरू झालेला ‘अपना बाजार’ आणि कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचा ‘वारणा बझार’ ही त्यांतील ठळक उदाहरणे होत. पुढे खाजगी साखळी दुकाने आली. डीमार्टचे पहिले दुकान २००२ साली मुंबईत पवई येथे उघडले. बिगबास्केट ही केवळ घरपोच किराणा देणारी कंपनी २०११ साली बंगळूरमध्ये निघाली. ग्रोफर्स २०१३ साली सुरू झाली आणि २०२१ मध्ये तिने ब्लिंकिट हे नाव घेतले. त्याच २०२१ साली मुंबईत झेप्टोचा आरंभ झाला. दुकानात जाऊन खरेदी करण्याने जे काम ग्राहकाच्या अंगावर आले होते, ते पुन्हा दुकानाने आपल्याकडे घेतले, एवढाच ह्या सर्वांचा अर्थ आहे. मात्र पूर्वी पोऱ्या एका गल्लीत माल देत असे. आता तेच काम हजारो घरांसाठी करावयाचे असल्यामुळे त्याला काटेकोर शिस्त लागते.

यादीपासून दारापर्यंत

ग्राहक मोबाईलवर यादी नोंदवितो तेव्हा सर्वप्रथम त्याचा पत्ता पाहिला जातो. त्या पत्त्याला कोणत्या दुकानातून किंवा गोदामातून माल द्यावयाचा हे आधीच ठरलेले असते. ग्राहकाला मोबाईलवर जो माल दिसतो तो त्याच गोदामातील शिलकेनुसार दिसतो. म्हणून साठ्याची नोंद बिनचूक असणे हा ह्या धंद्याचा पाया होय. नोंदीत दहा पुडे असून फडताळावर आठच असतील, तर दोन ग्राहकांना नकार द्यावा लागतो किंवा दुसऱ्या छापाचा माल घेता का, असे विचारावे लागते.

मागणी नोंदली गेली की ती ‘पिकर’ म्हणजे माल वेचणाऱ्या कामगाराच्या हातातील यंत्रावर उमटते. प्रत्येक फडताळाला व खणाला क्रमांक असतो. कामगाराला कमीत कमी चालावे लागेल अशा क्रमाने यंत्र वस्तू दाखविते : अमुक रांग, तमुक खण, तूरडाळ एक किलो, दोन पुडे. पुड्यावरील उभ्या रेघांचा संकेत यंत्रासमोर धरला की वस्तू बरोबर आहे की नाही हे कळते आणि साठ्यातून तेवढी वजा होते. ज्या पुड्याची मुदत आधी संपावयाची तो आधी बाहेर काढावयाचा, असा नियम असतो.

त्यानंतर माल बांधला जातो. जड वस्तू तळाशी, नाजूक वस्तू वर, दूध-दही वेगळ्या थंड पिशवीत, साबण व खाद्यवस्तू अलग, अशी पद्धत असते. एकाच भागातील अनेक पिशव्यांची मिळून एक फेरी ठरते. पिशवी पोहोचविणारा तरुण पत्ता शोधतो, पिशवी देतो, रोख रक्कम घेतो किंवा पैसे मोबाईलवरून आधीच चुकते झाले असल्याची खात्री करतो. वस्तू फुटलेली, कमी किंवा चुकीची निघाल्यास ती परत घेण्याची व पैसे परत देण्याची व्यवस्था ठेवावी लागते. परत आलेल्या मालाचे काय करावयाचे, हेही आधीच ठरवावे लागते. कारण प्रत्येक परत आलेला पुडा हा फुकट गेलेल्या फेरीचा खर्च असतो.

तीन पद्धती

हे काम तीन निरनिराळ्या पद्धतींनी चालते. पहिल्या पद्धतीत चालू दुकानातूनच माल वेचून दिला जातो. ब्रिटनमधील टेस्को ह्या कंपनीने १९९० नंतरच्या दशकात ह्याच रीतीने आरंभ केला. वेगळे गोदाम बांधावे लागत नाही म्हणून भांडवल कमी लागते. परंतु दुकानात गर्दी असली की माल वेचणारा आणि ग्राहक एकाच फडताळापाशी येतात.

दुसऱ्या पद्धतीत शहराबाहेर मोठे गोदाम ठेवून दुसऱ्या दिवशीच्या ठरावीक वेळेत माल दिला जातो. वेळ हाताशी असल्यामुळे एका भागातील मागण्या एकत्र करता येतात आणि गाडी भरून निघते. तिसरी पद्धत अलीकडची आहे. वस्तीच्या मध्यभागी लहान गोदाम ठेवतात. तेथे ग्राहकाला प्रवेश नसतो. म्हणून त्याला ‘डार्क स्टोअर’ म्हणतात. तेथून काही मिनिटांत दुचाकीवरून माल जातो. वेग मोठा, पण एका फेरीत एक-दोनच घरे होतात. म्हणून ही पद्धत दाट वस्तीच्या शहरातच परवडू शकते.

अमेरिकेतील वेबव्हॅन ह्या कंपनीचे उदाहरण येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. १९९९ साली तिने घरपोच किराणा देण्यास आरंभ केला. पुरेसे ग्राहक मिळण्याआधीच प्रचंड भांडवल घालून यांत्रिक गोदामे उभारली आणि जुलै २००१ मध्ये तिचे दिवाळे निघाले. यंत्रे उत्तम होती. गिऱ्हाईक अपुरे होते. आपल्याकडे एखादा गट हाती एकही कायम गिऱ्हाईक नसताना कर्ज काढून दळणयंत्र आणतो, तेव्हा लहान प्रमाणात तीच चूक घडते.

शेवटच्या कोसाचा खर्च

गोदामापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा हा सर्वांत महाग असतो. हे एका साध्या हिशेबाने पाहू. एका गाडीच्या एका फेरीस चालकाच्या मजुरीसह ६०० रुपये खर्च येतो असे धरू. त्या फेरीत १० घरांना माल दिला तर दर घरामागे ६० रुपये पडतात; ४० घरांना दिला तर १५ रुपये पडतात. ३०० रुपयांच्या मालावर ६० रुपये वाहतूक कोणालाच परवडणार नाही. ३,००० रुपयांच्या मालावर १५ रुपये सहज झेपतील. म्हणूनच कंपन्या थोडक्या रकमेच्या मागणीवर वेगळे शुल्क आकारतात आणि अमुक रकमेच्या वर घरपोच सेवा मोफत देतात. ‘मोफत’ म्हणजे खर्च नाही असे नव्हे. तो मालाच्या किमतीत, कंपनीच्या तोट्यात किंवा माल पुरविणाऱ्याच्या दरात कोठे तरी सामावलेला असतो.

हा खर्च कमी करण्याचा एक उत्तम मार्ग महाराष्ट्रातच सापडला आहे. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. शेजारच्या काही कुटुंबांनी मिळून एक संघ करावयाचा, प्रत्येक कुटुंबाने महिन्याची मागणी लिहून द्यावयाची, पंचायतीने सर्व संघांची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी करावयाची आणि संघातील एका घरी सर्वांचा माल उतरवावयाचा, अशी तिची पद्धत आहे. वाटप सभासद स्वतः करतात आणि ह्या कामात गृहिणींचा वाटा मोठा आहे. येथे दुकान नाही, फडताळ नाही, जाहिरात नाही. मागणी आधी व खरेदी नंतर असल्यामुळे माल पडून राहत नाही. आणि अनेक घरांसाठी गाडी एकाच दारी थांबत असल्यामुळे शेवटच्या टप्प्याचा खर्च वाटला जातो.

२०२० सालच्या टाळेबंदीत हाच धडा पुन्हा गिरविला गेला. शहरांतील बाजार बंद पडले तेव्हा महाराष्ट्रातील अनेक शेतकरी गटांनी व उत्पादक कंपन्यांनी गृहनिर्माण संस्थांच्या दारात थेट भाजीपाला पोहोचविला. नाशिक जिल्ह्यातील सह्याद्री फार्म्सने फळे व भाज्यांच्या तयार टोपल्या घरोघर दिल्या. ठरावीक भाज्यांची ठरावीक टोपली असल्यामुळे प्रत्येक घरासाठी निराळी वेचणी करण्याचे काम उरले नाही आणि एका संस्थेच्या सर्व टोपल्या एकाच फाटकाशी उतरविता आल्या. बाजार उघडल्यावर मात्र बऱ्याच ठिकाणी ही विक्री ओसरली. ज्या गटांनी वेळ, वजन व प्रत सांभाळली त्यांचे गिऱ्हाईक टिकण्याचा संभव अधिक, हे कोणालाही पटण्यासारखे आहे.

फडताळाच्या मागची साखळी

सुपरमार्केटचे फडताळ रिकामे राहता कामा नये. त्यासाठी दुकानाला मध्यवर्ती गोदामातून, गोदामाला पुरवठादाराकडून व पुरवठादाराला बाजारातून माल येतो. ताज्या भाजीसाठी काही कंपन्या उत्पादन क्षेत्रात संकलन केंद्रे ठेवतात. हळद, डाळ, मिरची असा टिकाऊ माल मात्र बहुधा दळणाऱ्या व पुडे बांधणाऱ्या कारखान्यांमार्फत येतो. ह्या मालाच्या बाबतीत खरेदीदार पुरवठादाराकडून चार गोष्टींची अपेक्षा करतो.

पहिली गोष्ट एकसारखेपणा. बाजारात एका कट्ट्यात हळकुंडे, गट्टू व बारीक चुरा एकत्र असला तरी हर्रास होतो. दर तेवढा कमी मिळतो. पुड्यासाठी तसे चालत नाही. जानेवारीतील पुडा आणि ऑगस्टमधील पुडा रंगाने व वासाने सारखाच असला पाहिजे. ह्यासाठी एका गटाने एकच वाण लावणे, कंद एकसारखे शिजविणे आणि हळकुंडे व गट्टू वेगळे ठेवणे आवश्यक आहे. ओल्या हळदीपासून वाळलेली हळद सुमारे पाचवा हिस्साच मिळते. तेव्हा शिजविण्यात व वाळविण्यात झालेल्या हलगर्जीपणाचा फटका पाचपट मालाच्या मेहनतीला बसतो.

दुसरी गोष्ट शुद्धता. हळदीच्या भुकटीत ओलावा दहा टक्क्यांहून अधिक चालत नाही; ओलावा राहिला तर बुरशी धरते व पुडा गोळा होतो. चकाकीसाठी शिसेयुक्त पिवळा रंग वापरणे हा तर गुन्हा आहेच, शिवाय तो लहान मुलांच्या मेंदूला घातक असा विषप्रयोग आहे. कीटकनाशकांचा अंशही तपासला जातो. म्हणून फवारणीची तारीख, औषध व प्रमाण यांची नोंदवही प्रत्येक शेतकऱ्याने ठेवली पाहिजे. ही नोंदवही पुढे कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट वेळ व परिमाण. दुकानदार दोनशे पुडे दर पंधरवड्यास मागतो, तेव्हा एकदा चारशे व पुढे दोन महिने काहीच नाही, असा पुरवठा त्याच्या कामाचा नसतो. चौथी गोष्ट उधारी सोसण्याची ताकद. बाजारात पट्टी लवकर हाती येते. मोठ्या दुकानाकडून पैसे येण्यास काही आठवडे लागू शकतात आणि न खपलेला माल परतही येतो. ज्या गटाच्या सभासदांना हळद विकून लगेच बी-बियाणे घ्यावयाचे आहे, त्यांनी सर्व माल ह्या मार्गाला लावू नये.

तुरीचेही असेच आहे. यवतमाळ जिल्ह्यात कापूस व सोयाबीनबरोबर तूर सर्वत्र होते. चांगल्या दाल मिलमधून एक क्विंटल तुरीपासून सुमारे ७० ते ७५ किलो डाळ निघते. बाकीचा चुरा, चुणी व टरफल जनावरांच्या खाद्यास जाते. तेव्हा डाळीचा भाव तुरीच्या भावाशी सरळ ताडून पाहणे चुकीचे होय. घट, दळणावळ, मजुरी, पुडा, वाहतूक व परत आलेला माल हे सर्व वजा करून जे उरेल तोच खरा फायदा.

पुड्यावरील मजकूर

उघडा माल काट्यावर मोजून देणे आणि पुडा बांधून विकणे ह्यांत कायद्याने फरक केला आहे. पुडा बांधला की २०११ च्या वेष्टित वस्तूंविषयीच्या वैधमापन नियमांनुसार त्यावर बांधणाऱ्याचे नाव व पत्ता, पदार्थाचे नाव, निव्वळ वजन, बांधणीचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. काटा ठरावीक मुदतीत पडताळून मुद्रांकित करून घ्यावा लागतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे लहान उलाढालीच्या उद्योगास नोंदणी व मोठ्यास परवाना आवश्यक आहे. त्याचा चौदा आकडी क्रमांक, शाकाहाराचे हिरवे चिन्ह, घाण्याचा क्रमांक व वापराची मुदतही पुड्यावर हवी. घाण्याचा क्रमांक म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या शेतकऱ्यांची हळद दळली ह्याची खूण. एखाद्या पुड्याविषयी तक्रार आली तर ह्या क्रमांकामुळे तेवढाच माल परत बोलाविता येतो; क्रमांक नसेल तर साराच माल संशयात येतो.

१९३७ च्या कृषी उत्पादन प्रतवारी व चिन्हांकन कायद्यान्वये मिळणारे ‘ॲगमार्क’ चिन्ह ऐच्छिक असले तरी ते ग्राहकाचा विश्वास वाढविते. हळदीला भौगोलिक मानांकनेही मिळाली आहेत : वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीला २०१६ साली, सांगलीच्या हळदीला २०१८ साली आणि वसमतच्या हळदीला २०२४ साली. असे नाव त्या त्या क्षेत्रातील नोंदणीकृत उत्पादकांनीच वापरावयाचे असते. शेजारच्या तालुक्यातील माल त्या नावाने विकता येत नाही, हे ध्यानात ठेवावे.

घरपोच विक्रीच्या बाबतीत आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने कंपन्यांना कळविले की, ग्राहकाच्या हाती पडताना मालाच्या मुदतीचा किमान ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत. म्हणून गोदामे जुन्या तारखेचा पुडा स्वीकारण्यास नाखूश असतात. गटाने वर्षाची सारी हळद एकदम दळून ठेवण्यापेक्षा हळकुंडे कोरड्या जागी साठवून मागणीप्रमाणे थोडी थोडी दळावी, हे त्यावरून उघड होते. अख्खे हळकुंड टिकते. भुकटीचा वास व रंग लवकर उतरतो.

सुरुवात कोठून करावी

मोठ्या सुपरमार्केटचे दार ठोठावण्यापूर्वी जवळच्या पन्नास घरांपासून सुरुवात करावी, अशी आमची शिफारस आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात वर्षाची बेगमी करण्याची चाल अजून पुष्कळ घरांत आहे. हळद, तिखट, तूरडाळ, गहू ह्यांची खरेदी तेव्हा एकदमच होते. नेमके त्याच सुमारास आपले हळदीचे व तुरीचे पीक घरात आलेले असते. आठवड्याला शंभर ग्रॅमचा पुडा पोहोचविणे गटाला परवडणारे नाही; पण वर्षातून एकदा एका घरी दोन किलो हळद, पंधरा किलो तूरडाळ व जोडीला गहू, असा वर्षाचा माल पोहोचविणे निश्चित परवडू शकते. ह्यात फेरी एक, रक्कम मोठी आणि पैसे हातोहात.

ह्यासाठी पुढील क्रम उपयोगी पडेल. प्रथम दहा-पंधरा शेतकऱ्यांच्या गटाने किती माल वेगळा काढावयाचा ते ठरवावे. आरंभी एकूण उत्पादनाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा. उरलेला माल नेहमीप्रमाणे बाजारात जाऊ द्यावा, म्हणजे धोका मर्यादित राहील. नंतर फेब्रुवारीतच उमरखेड, ढाणकी, पुसद येथील शिक्षक, कर्मचारी व व्यापारी कुटुंबांत नमुना देऊन मागणी नोंदवावी. मागणी एका कागदावर, नाव, पत्ता, वस्तू व वजन ह्या रकान्यांत लिहून घ्यावी आणि थोडी आगाऊ रक्कम घ्यावी. मागणी आल्यावरच, परवाना असलेल्या गिरणीतून दळून घ्यावे. स्वतःची गिरणी घेण्याचा विचार दोन हंगामांच्या अनुभवानंतर करावा. एका वसाहतीतील माल एकाच दिवशी, एकाच घरी उतरवावा. दिलेला शब्द, दिलेली तारीख व दिलेले वजन ह्यांत फरक पडू देऊ नये.

गावातील किराणा दुकानदाराला ह्या कामात प्रतिस्पर्धी समजण्याचे कारण नाही. त्याच्याकडे गिऱ्हाईकांची ओळख, जागा, काटा व माल पोहोचविणारा माणूस आधीच आहे. गटाचा पुडा त्याच्या दुकानात ठेवून त्याला योग्य कमिशन दिले तर शेवटच्या टप्प्याचा खर्च तोच उचलतो. दोन हंगाम असे नीट गेले, नोंदी तयार झाल्या, तक्रारी कमी झाल्या, म्हणजे मग शेतकरी उत्पादक कंपनी स्थापन करून मोठ्या खरेदीदाराकडे किंवा मोबाईलवरील खुल्या व्यापार जाळ्याकडे जाता येते. अशी कंपनी दहा किंवा अधिक उत्पादकांना एकत्र येऊन कंपनी कायद्याखाली नोंदविता येते. अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी असलेल्या शासकीय योजनांच्या अटी व मुदती वेळोवेळी बदलतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात समक्ष चौकशी करावी. अनुदान मिळते एवढ्याच कारणासाठी यंत्र घेऊ नये.

ग्राहक म्हणून आपले हक्क

शेतकरी हा उत्पादक तसाच ग्राहकही आहे. मोबाईलवरून माल मागविणारी घरे आता खेड्यांतही आहेत. पिशवी आली की पुड्याची तारीख व निव्वळ वजन पाहावे, पावती जपून ठेवावी आणि फुटलेला पुडा लगेच परत करावा. पैसे मिळवून देतो, सवलत देतो, असे सांगून कोणी दूरध्वनीवर गुप्त अंक विचारल्यास ते मुळीच सांगू नयेत. माल परत घेण्यासाठी अशा अंकाची गरज नसते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने व २०२० च्या ई-व्यापार नियमांनी घरबसल्या खरेदी करणाऱ्यालाही संरक्षण दिले आहे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा क्रमांक १९१५ हा आहे.

पिशवी घेऊन येणारा तरुण हाही बहुधा एखाद्या खेड्यातूनच शहरात गेलेला असतो. त्याची कमाई फेऱ्यांवर अवलंबून असते. पेट्रोल, वाहनाची दुरुस्ती व अपघाताचा धोका ही जोखीम पुष्कळशी त्याच्याच माथी असते. गावातून अशा कामासाठी जाणाऱ्या मुलांनी हाती येणाऱ्या रकमेतून हा खर्च वजा करूनच हिशेब करावा, आणि अपघात विमा आहे की नाही ह्याची खात्री करून घ्यावी.

कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या हंगामात प्रत्येक हळद उत्पादक गावी एक बैठक घ्यावी. तीत कुकर, खळे, ढोल, कट्टा, काटा, पुडा व पोहोच अशा पायऱ्या फळ्यावर मांडाव्यात आणि प्रत्येक पायरीवर किती खर्च होतो व किती घट येते हे शेतकऱ्यांकडूनच भरून घ्यावे. आकडे त्यांचे, गाव त्यांचे. म्हणून हिशेब त्यांना पटेल. ज्या गावाचा हिशेब तोट्याचा निघेल तेथे बाजारात विकणेच योग्य, असे स्पष्ट सांगण्यास संकोच करू नये. मात्र अशा गावीही हळकुंडे व गट्टू वेगळे करणे, नीट वाळविणे व फवारणीची नोंद ठेवणे ह्या तीन गोष्टींचा आग्रह धरावा. माल हर्रासात विकला गेला तरी स्वच्छ व एकसारख्या मालाला चांगली बोली लागते. आणि उद्या पुडा बांधण्याची वेळ आली तर गटाची निम्मी तयारी झालेली असेल.

घरपोच किराण्याच्या धंद्यात मोठी गोदामे, यंत्रे व मोबाईल दिसतात. परंतु त्याच्या मुळाशी असलेले गुण आपल्या खळ्यावरही जोपासता येतील असेच आहेत : बिनचूक नोंद, बरोबर वजन, एकसारखा माल आणि वेळेचा नेम. ज्या गटाने हे चार गुण अंगी बाणविले त्याची हळद कोठेही पोहोचू शकेल. येत्या काढणीपूर्वी प्रत्येक गटाने एक काटा तपासून घ्यावा, एक वही उघडावी आणि पन्नास घरांची यादी तयार करावी.